समुद्र तयार होईपर्यंत

४ जानेवारी

आज समुद्र बनवायला घेतला. नळाचं पाणी, मिठाची पोती आणि मी. मत्स्यालयाची ही नवी इमारत खऱ्या समुद्रापासून इतकी लांब आहे की टँकरनं पाणी आणायचं म्हटलं तर वाटेतच शिळं होईल. म्हणून सगळं इथेच कालवायचं. तळघरातले पंप, पाइप आणि गाळण्या ज्यांच्या ताब्यात आहेत ते पंपवाले एकटेच पोती फोडत होते, मी क्षार मोजायचं यंत्र घेऊन टाकीच्या कडेला उकिडवी. संध्याकाळपर्यंत काटा हवा तिथे आला. बोट बुडवून चव घेतली. समुद्र म्हणावा असा झालाय.

माझ्याकडे बिनकण्याचे प्राणी: खेकडे, शिंपले, तारामासे आणि एक ऑक्टोपस. सकाळच्या बैठकीत मॅडम (आमच्या संचालिका) म्हणाल्या, "तुमची ती बिनकण्याची मंडळी वेळेत तयार होतील ना?" आणि सगळे हसले. मी म्हटलं, या खोलीत तीच सगळ्यात ताठ आहेत. मग कोणी हसलं नाही.

उद्घाटन १५ फेब्रुवारीला. जमेल. न जमायला काय झालं?

९ जानेवारी

ऑक्टोपसच्या दालनाला काळे जाड पडदे लागणार. मॅडमना सांगून ते काम दादाला मिळवून दिलं. खाली त्याचं शिवणकामाचं दुकान, वर आम्ही तिघं: दादा, वहिनी, मी. आई-बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याच्या मशीनच्या खडखडाटात माझा शाळेपासून पदवीपर्यंतचा अभ्यास झाला. मी जेवतानाही काहीतरी मोजत असते म्हणून तो मला मोजपट्टी म्हणतो.

पडद्यांचं ऐकून खुलला. कधीपर्यंत हवेत, म्हणाला. पंधरा फेब्रुवारी, म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पातेल्यावर झाकण जरा जास्तच जोरात ठेवलं. नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही.

वहिनीनं हल्ली जेवणातलं मीठ जवळजवळ बंदच केलंय. या वयात बरं असतं म्हणे. मी आपली बरणी काढून माझ्यापुरतं घेते. दादा अर्ध्यावरच उठला. सगळं खिळे चघळल्यासारखं लागतं म्हणाला. दिवसभर टाचण्या तोंडात धरून बसल्यावर दुसरं काय लागणार? तसं सांगितलंही.

१७ जानेवारी

अमोनिया चढला. चढणारच होता. हे प्राणी खातात, आणि खाल्ल्यावर जो विषारी कचरा शरीरात उरतो तो अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात. खऱ्या समुद्रात तो कुठल्या कुठे जातो. टाकीत तो त्यांच्याच गळ्याशी येतो. गाळणीत तो खाणारे जिवाणू वाढावे लागतात, आणि ते आपल्या मर्जीनं वाढतात, मॅडमच्या नाही.

तूर्त मोठ्या टाकीत फक्त चारदोन खेकडे आणि शिंपले सोडलेत. बाकी सगळे मागच्या खोलीत, पाणी रोज बदलून. १५ फेब्रुवारी होत नाही. उद्या स्पष्ट सांगणार.

१९ जानेवारी

सांगितलं. मॅडम म्हणाल्या, निमंत्रणं छापायला गेलीत. मी म्हटलं, परत बोलवा. टाकीतलं थोडं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. त्यात अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले, पाणी गर्द हिरवं झालं. हे मुलांना दाखवायचंय का, म्हटलं. नवी तारीख ८ मार्च.

घरी आल्याबरोबर जेवताना सगळं साग्रसंगीत सांगितलं, मॅडमचा आवाज काढून. दादा हसला, मग म्हणाला, "म्हणजे मार्च." पडदे आता आरामात शिव म्हटलं. वहिनी न जेवताच उठून गेली. डोकं दुखत होतं म्हणे.

२ फेब्रुवारी

दादा मापं घ्यायला आला होता. जिना चढून आला तर दोन मिनिटं कठड्याला धरून उभा. दिवसभर बसून काम करणाऱ्यांचं असंच होतं. बुटाच्या नाड्या सैल सोडलेल्या, पावलं फुगलेली. चालत जा रोज, म्हटलं.

मापं झाल्यावर मात्र त्यानं जे विचारायला सुरुवात केली! इतकी वर्षं माझ्या कामाबद्दल त्यानं कधी एवढं विचारलं नव्हतं. मी त्याला सगळं फिरवून दाखवलं. ऑक्टोपस आणि तारामासे कसे, जेवढं खारं बाहेर तेवढंच आत, भांडण नाही. आणि खाडीतला खेकडा कसा हट्टी: बाहेर पाणी गोडं झालं तरी आतलं मीठ सोडत नाही, कल्ल्यांनी पाण्यातून क्षार ओढून घेत राहतो, आणि जास्तीचं पाणी लघवीवाटे टाकतो.

"लघवी कुठून करतो?"

"डोळ्यांच्या खालून. मिशांच्या बुडाशी."

त्याला इतकं हसू आलं की खाली बसला. मग म्हणाला, आपणही कल्ल्यांतून घाण सोडली असती तर किती सोपं. मी समजावलं की आपल्या भोवती चोवीस तास पाणी नाही, म्हणून आपण त्या अमोनियाचा युरिया करतो आणि किडनीनं गाळून टाकतो.

"आणि गाळणी बुजली तर?"

"टाकीची? मग पाणी बदलायचं. थोडं थोडं, नेमानं."

"किती दिवस?"

"टाकी आहे तोवर."

तो बराच वेळ खेकड्याकडे बघत होता. माणसाला कामात रस घेणारं घरचं कोणी असलं की किती बरं वाटतं.

१० फेब्रुवारी

अमोनिया उतरतोय. पंपवाल्यांनी माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता, निवला तर दुसरा आणला. कामसू माणूस.

घरी दादाच्या कपाटात सोड्याच्या गोळ्यांची बाटली दिसली. पित्तावर घेतो म्हणाला. मी टाकीत तोच सोडा डब्यानं मोजून ओतते, कारण अमोनिया खाणारे जिवाणू पाणी हळूहळू आंबट करत जातात. म्हटलं, छान, आपण दोघं एकच दुकान चालवतोय.

तो हसला नाही. पाठ खाजवत होता. थंडीनं कातडी कोरडी पडली असेल. तेल लाव म्हटलं.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट होता, पण वाया गेला नाही.

अमोनिया उतरल्यावर परवाच सगळ्यांना मोठ्या टाकीच्या पाण्यावर आणलं होतं. सकाळी दार उघडलं तर ऑक्टोपस पांढराफटक, पाणी आत येतं त्या तोंडाशी चिकटलेला, भात्यासारखा श्वास घेत. पाणी मोजलं. अमोनिया नाही. क्षार ठीक. मग आम्लता बघितली. पाणी आंबट झालं होतं, सोड्यानं सांभाळण्यापलीकडचं. ऑक्टोपसचं रक्त निळं, तांब्यावर चालणारं. आम्ल वाढलं की त्याला प्राणवायू धरून ठेवता येत नाही. पाण्यात हवा भरपूर, आणि तो गुदमरतोय.

पंपवाले आणि मी कारण शोधत खाली धावलो. रंगाऱ्यांनी काल भिंत रंगवून खिडकी घट्ट बंद केली होती. टाकीत हवा सोडणारा पंप त्याच कोंडलेल्या खोलीतली हवा ओढत होता, आणि तिच्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून ते आंबट करत होता. खिडकी उघडली, मग बेतानं, घाई न करता, सोडा. एकदम सुधारणंही त्यांना सोसत नाही. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर तपकिरी रंग परतला. तेव्हा कुठे मी खाली बसले.

शिंपल्यांनी मात्र कमाल केली. दार लावून गप्प बसले होते. बाहेर आंबट झालं की ते कवच मिटून घेतात आणि आतलं आम्ल मारायला स्वतःचंच कवच आतून थोडं थोडं विरघळवत राहतात. घरी हे सांगितलं तेव्हा दादानं घास खाली ठेवला.

"स्वतःचंच?"

"मग काय, हाताशी दुसरं काय असतं त्यांच्या."

"किती दिवस टिकतात तसे?"

कवच आहे तोवर, म्हटलं. तो गुडघा दाबत बसला होता. हाडं दुखतात म्हणतो.

२२ फेब्रुवारी

तारीख पुन्हा पुढे ढकलून घेतली: २९ मार्च. हवेची सोय बदलल्याशिवाय मी लोकांना आत घेणार नाही, हे लेखी दिलं. मॅडम चिडल्या, पण मान्य केलं. चुकून कोणाचं काही बरंवाईट होण्यापेक्षा उशीर परवडला, असं मी म्हटलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

घरी ही बातमी सांगितल्यावर वहिनी मला काहीतरी म्हणायला गेली. दादा फक्त "अगं" म्हणाला आणि ती थांबली. काहीतरी बिनसलंय दोघांचं. माझा संबंध नसावा.

११ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

दादा पडदे घेऊन टॅक्सीनं आला. शिडीवर पंपवाले चढले, दादा खाली स्टुलावर बसून कुठे चुणी पाडायची ते सांगत होता. मी वाकून पडद्याचं टोक धरलं आणि अमोनियाचा वास आला. हलका, पण चुकणार नाही असा. उद्घाटन तोंडावर आणि अमोनिया. मी पडदा टाकून टाकीकडे धावले. थेंब टाकले. पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे शून्य. दुसऱ्या कोपऱ्यातलं घेतलं. पिवळं. मागच्या टाकीतलं घेतलं. पिवळं. टाकीपाशी वासही नव्हता. परत पडद्यापाशी आले, तर वास.

दादा पडद्याच्या दुमडीबद्दल बोलत होता. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. बसल्या जागी. मोज्याची कड पोटरीत रुतली होती. मानेवर ओरखडे. तो बोलायला तोंड उघडायचा तेव्हा वास यायचा.

सोडा. मीठ. खिळे. पित्त नव्हतं ते.

"दादा, कधीपासून माहीत आहे तुला?"

त्यानं काय म्हणून विचारलं नाही. पडदा मांडीवर नीट घडी करून ठेवला.

"डिसेंबरपासून."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"मशीनवर यायला लागेल म्हणाले. जानेवारीत सुरू करू म्हणाले." मग म्हणाला, "तुझा समुद्र एकदा तयार होऊ दे म्हटलं. एवढी वर्षं वाट पाहिलीस."

पंपवाले शिडीवरून कधी उतरले आणि टॅक्सी कधी आणली, मला कळलं नाही.

१३ मार्च

दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. रक्त आम्लाकडे गेलेलं, क्षारांचा तोल बिघडलेला, फुप्फुसांत पाणी. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या कशाही जाणारच होत्या, पण दोन महिने आधी आला असता तर हृदयावर एवढा ताण पडला नसता.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, कळलं तर ती काम टाकून घरी बसेल. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी जातो म्हणाले. मग तू तारीख पुढे नेलीस. मग परत नेलीस. दोन्ही वेळा जेवताना हसत हसत सांगितलंस."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी खेकड्यांचं पाणी दिवसातून चार वेळा मोजत होते. हे वाक्य मी खोडणार नाही.

१९ मार्च

दादा सुधारतोय. फुगलेला चेहरा उतरला, श्वास शांत झाला. एक दिवसाआड चार तास मशीन. मी शेजारी बसून ते बघते: पंप, नळ्या, गाळणी, सोडा घातलेलं पाणी. सगळं ओळखीचं आहे आणि काहीच माझ्या हातात नाही. परवा मी परिचारिकेला इतके प्रश्न विचारले की तिनं मला बाहेर चहा प्यायला पाठवलं.

दादा म्हणाला, "थोडं थोडं, नेमानं. तूच सांगितलंस." मला हसायला बोलावत होता. मला जमलं नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, दुसरी किडनी बसवायची तर. वहिनीला मधुमेह, तिची चालणार नाही. भावंडांची जुळण्याची शक्यता चांगली, म्हणाल्या. मी लगेच बाही वर केली. आज नाही, रीतसर, म्हणाल्या.

भीती वाटते का? वाटते. सुईचीसुद्धा वाटते मला. पण शंका नाही.

२९ मार्च

उद्घाटन झालं. मी नव्हते. सकाळी जाऊन सगळ्या टाक्या तपासल्या, ऑक्टोपसला एक खेकडा खायला दिला, आणि फीत कापायच्या आधी निघाले, कारण दादाची मशीनची पाळी होती. मॅडम फोनवर म्हणाल्या, आजच्या दिवशी तरी. मी म्हटलं, प्राणी तयार आहेत, माझी त्यांना गरज नाही.

संध्याकाळी पंपवाले इस्पितळात आले, इस्त्रीच्या शर्टात. सगळ्या टाक्यांचे आकडे सांगितले, पडद्यांचं कौतुक झालं ते दादाला सांगितलं. हे फोनवर सांगता आलं असतं, म्हटलं. म्हणाले, घरी जाता जाता आलो. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. आता जवळजवळ रोजच येतात. एवढी वाट वाकडी करून काय मिळतं कोण जाणे. दादा मात्र ते गेल्यावर माझ्याकडे बघून उगीचच मिशीत हसत होता.

८ एप्रिल

माझी किडनी जुळते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. वहिनीनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

दादा नाही म्हणाला. सरळ नाही. मी तुला वाढवलं ते परतफेड घ्यायला नाही, मशीनवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, तुझं पुढे काही बरंवाईट झालं तर मी कोणाला तोंड दाखवू. वहिनी रडायला लागली. मी त्याला सगळं बोलू दिलं. त्याचं संपल्यावर म्हटलं,

"तू माझ्यासाठी दोन महिने विष अंगात वागवत बसलास, तेव्हा मला विचारलंस?"

तो चादरीची दुमड सरळ करायला लागला.

"मग मीही विचारत नाहीये. सांगतेय."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाला, डॉक्टरांना म्हणावं टाका बारीक घाला, पोरीच्या अंगावर वण नको. पोरीचं वय चव्वेचाळीस. पण हा होकार होता.

२६ जून

उद्या ऑपरेशन. या महिन्यांत अंगातली प्रत्येक गोष्ट तपासून झाली. माझ्याबद्दल एवढे आकडे मलाही माहीत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणतात, एका किडनीवर माणूस आरामात म्हातारा होतो. मीही वाचून खात्री केली. टाक्यांचं पंपवाल्यांना समजावलं. त्यांना सगळं आधीच येत होतं, तरी सगळं ऐकून घेतलं. निघताना काहीतरी म्हणणार होते, मग म्हणाले, आकडे घेऊन येईन.

मघाशी मनात आलं, जुळूनही चाललीच नाही तर? दोघांचं पोट फाडून हाती काहीच नाही, असं झालं तर? डॉक्टरीणबाईंना विचारलं. होऊ शकतं, म्हणाल्या, क्वचित. खोटं बोलल्या नाहीत म्हणून बरं वाटलं. चालेल ती. माझी आहे.

१ जुलै

लिहायला बसता येतंय. कुशीत कळ येते, खोकला आला की जीव जातो, पण बसता येतंय.

मी शुद्धीवर येताच वहिनीनं कानाशी सांगितलं होतं: टेबलावरच त्यांची लघवी सुरू झाली, डॉक्टर बघायला बोलवायला लागले एकमेकांना. मी तेव्हा काय उत्तर दिलं आठवत नाही. वहिनी म्हणते, मी किती झाली ते विचारलं.

आज पहिल्यांदा चालत दादाच्या खोलीपर्यंत गेले. एक हात परिचारिकेच्या खांद्यावर, एक भिंतीला. आत जायला अजून परवानगी नाही, त्याला संसर्ग व्हायला नको, म्हणून दारातल्या काचेतूनच. तो उशीला टेकून बसला होता. ओठांचा रंग निराळाच, माझ्या लहानपणी होता तसा. मला बघून त्यानं पलंगाच्या कडेला लटकवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवी काठोकाठ भरत आली होती. गिऱ्हाइकाच्या अंगावर नवा कोट चढवून आरशापुढे उभं करावं, तशा ऐटीत त्यानं भुवया उंचावल्या.

मी मान डोलावली. मग त्यानं माझ्या कुशीकडे हात केला आणि हवेत सुई चालवली. टाके कसे पडलेत?

बरे आहेत, मी खुणेनं म्हटलं. तुझ्याइतके सरळ नाहीत.

हसू आलं आणि सगळे टाके एकदम ओढले गेले. तरी हसले.